फ्रीज बंद पडला म्हणजे

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण. बऱ्याच भगिनींनी लेखी मागितल्यावरून येथे छापले आहे.)



हळदीकुंकवाला भजन ठेवावे, फार तर लोणच्यामुरंब्याचे प्रात्यक्षिक ठेवावे, असा आपला आजवरचा प्रघात. यंदा चिटणीसबाईंनी माझ्यापुढे विषय ठेवला तो फ्रीजच्या दुरुस्तीचा! मी म्हटले, "अहो, बायका कंटाळतील." त्यावर त्या म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात तुला किती घरांतून बोलावणे आले ते आठव, मग बोल." मी बोटे मोजली. अकरा घरे झाली. त्यांतल्या आठ घरांत माझ्याआधी कोणीतरी येऊन "कॉम्प्रेसर गेला" असे सांगून गेले होते. खरोखर कॉम्प्रेसर गेलेले घर निघाले एक.

बाकीच्या सात घरांत दुखणे होते दोन-चारशे रुपयांच्या एखाद्या भागाचे, किंवा भिंतीतल्या सॉकेटचे, किंवा तेही नाही, नुसत्या कमी दाबाच्या विजेचे. कॉम्प्रेसर बदलणे म्हणजे काही हजारांचा मामला. एका घरी भिशी उचलून नवा फ्रीज आणायचे ठरून जुना भंगारात काढायचीही बोलणी झाली होती. त्या काकू दह्याताकाचा धंदा करतात. फ्रीज म्हणजे त्यांचे दुकानच. तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, बोलते. मी आयटीआयमध्ये या कामाचे रीतसर शिक्षण घेतले असून पौड-पिरंगुट भागात हेच काम करते, एवढी ओळख पुरे.

आज मी तुम्हाला मेकॅनिक करणार नाही. पण दुखणे कोठे आहे ते घरच्या बाईला ओळखता आले पाहिजे, दुरुस्तीला येणाऱ्याला चार नेमके प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि आपला हात कोठे थांबवायचा हेही कळले पाहिजे. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. कारण पैसे गेले तर परत मिळवता येतात.

वीज हा विषय मुळशीकरांना नवा नव्हे. येथे धरण बांधायचे ठरले तेव्हा १९२१ साली आपल्या मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. बायकाही मागे नव्हत्या. धरण व्हायचे ते झालेच, गावे पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून त्यावर तयार झालेली वीज मुंबईला जाऊ लागली. आपल्या वाड्यावस्त्यांवर दिवे लागले ते फार मागाहून, आणि तेही लांबलचक तारांच्या टोकाला. हे रडगाणे म्हणून सांगत नाही. तारेच्या टोकाला विजेचा दाब कमी पडतो, ताम्हिणीकडचा पाऊस लागला की झाडे तारांवर पडतात, वीज जाते-येते, आणि येताना झटक्याने येते. शहरात ज्या फ्रीजला दहा वर्षे डॉक्टर लागत नाही, त्याला आमच्याकडे चौथ्या वर्षी लागतो, त्याचे कारण बरेचदा हेच असते.

आता फ्रीज काम कसे करतो ते दोन शब्दांत. फ्रीज थंडी तयार करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, जशी आपण घरातली केरसुणी फिरवून कचरा उंबऱ्याबाहेर काढतो तशी. आत नळ्यांतून एक वायू फिरत असतो. मागे खाली जो काळा घुमटासारखा डबा दिसतो तो कॉम्प्रेसर. तो हा वायू दाबून पुढे ढकलतो. दाबलेला वायू तापतो, ती उष्णता मागच्या काळ्या जाळीतून हवेत जाते. नव्या फ्रीजना मागे जाळी दिसत नाही, ती कुशीच्या पत्र्याआड दडवलेली असते. म्हणून फ्रीजची बाजू हाताला गरम लागली तर घाबरू नये. उलट ती गरम लागते म्हणजे गाडे चालू आहे. मात्र फ्रीज भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये आणि शेगडीशेजारी तर नकोच. उष्णतेला बाहेर पडायला जागा हवी.

सन १९५८ मध्ये गोदरेजने मुंबईत पहिला भारतीय बनावटीचा फ्रीज काढला. त्या वेळी ही श्रीमंताघरची वस्तू होती. आज आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला फ्रीजचे मोठाले कारखाने आहेत, आणि गोठ्याशेजारच्या खोलीतही फ्रीज असतो. यंत्र घरोघर आले. त्याचे शरीरशास्त्र मात्र कोणी आपल्याला सांगितले नाही.

तर फ्रीज बंद पडला. पहिली गोष्ट, दार उगाच उघडू नका. दार बंद राहिले तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. बर्फाचा कप्पा भरलेला असेल तर तो त्याहून पुष्कळ जास्त. दुसरी गोष्ट, दार एकदाच थोडे उघडून आतला दिवा पाहा.

दिवा लागत नसेल तर फ्रीजला हात लावण्याआधी भिंतीकडे जा. त्याच सॉकेटात मिक्सर किंवा टेबलावरचा दिवा लावून पाहा. तोही लागत नसेल तर दुखणे फ्रीजचे नाहीच; एमसीबी पडला असेल, सॉकेट जळले असेल किंवा स्टॅबिलायझर बिघडला असेल. स्टॅबिलायझर असेल तर तो बाजूला काढून, दाब ठीक असल्याची खात्री करून, फ्रीज थोडा वेळ सरळ सॉकेटाला लावून पाहावा. प्लगचे दांडे काळे पडलेले दिसले तर तेथे वीज नीट भिडत नाही असे समजावे. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर फ्रीज, मिक्सर आणि मोबाईलचा चार्जर असे कुटुंब वसवलेले मी पुष्कळ घरांत पाहिले. फ्रीज सुरू होताना क्षणभर चालतेवेळच्या कितीतरी पट वीज ओढतो. त्याला स्वतःचे, भिंतीतले, घट्ट सॉकेट हवे. उंदीर हीही एक पीडा आहे. भाताच्या दिवसांत ते फ्रीजमागच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. प्लग काढून मागे बॅटरीचा उजेड टाकून पाहिले तर चटकन दिसते.

दिवा लागतो पण फ्रीज गार करीत नाही, असे असेल तर आता कान द्यायचा. स्वयंपाकघर शांत करा, पंखा बंद करा, आणि फ्रीजमागे पाच-दहा मिनिटे ऐका. तीन प्रकार संभवतात.

पहिला, काहीच आवाज नाही. अशा वेळी आतली थर्मोस्टॅटची चकती शून्यावर नेऊन पुन्हा मोठ्या आकड्यावर फिरवा. आकडा जितका मोठा तितका गारवा जास्त, हे पुष्कळांना उलटे वाटते. फिरवताना बारीक 'टिक्' ऐकू येते. चकती फिरवूनही कॉम्प्रेसर हूं की चूं करीत नसेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. थर्मोस्टॅट म्हणजे एक स्विचच. त्याला जोडलेली केसासारखी बारीक नळी बर्फाच्या कप्प्याला टेकलेली असते, ती गारवा ओळखते आणि स्विच उघडझाप करते. मेकॅनिकला सांगावे, "प्लग काढून थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकत्र जोडा आणि मग माझ्यासमोर सुरू करून दाखवा." तसे केल्यावर कॉम्प्रेसर चालू झाला तर दोषी थर्मोस्टॅट. तो बदलायला अर्ध्या तासाचे काम.

याच्या उलटही होते. थर्मोस्टॅटचे टोक आतल्याआत चिकटून बसते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. भाजी गोठते, दुधात बर्फाचे खडे होतात, आणि लोक म्हणतात, "आमचा फ्रीज फार छान गार करतो!" आपल्यापैकी एका आजींच्या घरी असे झाले आणि त्यांचे इन्शुलिन गोठले. इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते. एकदा गोठले की ते वितळून पाहिल्यासारखे स्वच्छ दिसले तरी टाकून द्यावे. त्याचा गुण गेलेला असतो. म्हणून ज्या घरी इन्शुलिन आहे तेथे ते बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला टेकवू नये, आणि शे-दोनशे रुपयांचा एक तापमापक आत टांगून ठेवावा. फ्रीज बंद पडला तर इन्शुलिन लगेच नासत नाही. पण किती दिवस बाहेर चालेल ते वेष्टनावर वाचावे, डॉक्टरांना विचारावे, आणि तोवर ते थंड सावलीत ठेवावे. ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे मडके या कामी अजूनही फार उपयोगी आहे.

दुसरा प्रकार असा. कॉम्प्रेसर चालू असल्याची घरघर आहे, मागची जाळी किंवा बाजूचा पत्रा मात्र तापत नाही, आणि आत गारवा नाही. येथे विजेचा दोष नसून बहुधा वायू गळलेला असतो. त्याबद्दल पुढे सांगते.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत जास्त फसवणूक होते ती येथेच. चार-सहा सेकंद 'हूंऽऽ' असा दबका आवाज येतो, मग 'टक्' होते आणि सारे शांत. काही मिनिटांनी पुन्हा हूं, पुन्हा टक्. हा आवाज ऐकला की पुष्कळ जण मान हलवून सांगतात, "कॉम्प्रेसर गेला." थांबा. त्या आवाजाचा अर्थ समजून घ्या.

कॉम्प्रेसरच्या डब्यात मोटर असते. तिला तारेची दोन वेटोळी: एक चालण्याचे, एक सुरू होण्याचे. भरलेली बैलगाडी हलवताना पहिल्या ढकलीला चार माणसे जास्त लागतात. एकदा चाक फिरले की बैल ओढतात. सुरू होण्याचे वेटोळे म्हणजे ती जास्तीची माणसे. त्यांची गरज एखाद्या सेकंदापुरती. नंतर ती बाजूला झाली नाहीत तर मोटर तापून जळेल. त्यांना वेळेवर आणणे आणि वेळेवर बाजूला करणे हे काम रिलेचे. कॉम्प्रेसरच्या कुशीला एक लहानसे प्लास्टिकचे झाकण असते, त्याच्या आत हा रिले बसवलेला असतो. आजकालच्या रिलेत नाण्याएवढी एक चकती असते. गार असताना ती वीज जाऊ देते, क्षणात तापते आणि तापली की वीज अडवते. त्याच्या शेजारी दुसरा लहान भाग असतो, त्याला ओव्हरलोड म्हणतात. मोटर जास्त वीज ओढू लागली किंवा डबा फार तापला की त्यातली धातूची पट्टी वाकते आणि वीज तोडते. तेच ते 'टक्'. म्हणजे 'टक्' हा मरणाचा आवाज नव्हे. राखणदाराने दार लावल्याचा आवाज आहे.

आता मोटर सुरू का होत नाही? कारणे तीन. विजेचा दाब कमी असेल. दाब दोनशेतीस व्होल्ट असायला हवा, तो एकशेऐंशीच्या खाली गेला की साध्या कॉम्प्रेसरला उठणे जड जाते. किंवा रिले गेला असेल. किंवा खरोखर कॉम्प्रेसर गेला असेल. तेव्हा आधी दाब मोजावा, मग रिले पाहावा आणि कॉम्प्रेसरवर आरोप सर्वांत शेवटी ठेवावा. प्रत्यक्षात क्रम उलटा चालतो, कारण शेवटच्या आरोपात पैसे जास्त आहेत. सगळेच मेकॅनिक तसे नसतात, हेही सांगितले पाहिजे; कित्येकांना कोणी नीट शिकवलेलेच नसते.

रिलेची परीक्षा सोपी आहे. प्लग काढून, झाकण उघडून मेकॅनिकने रिले बाहेर काढला की तो हातात घ्या आणि कानाशी हलवा. आत खुळखुळ वाजले तर चकती फुटली आहे, रिले गेला. जळका वास आला, काळे डाग दिसले, तरी तेच. (फार जुन्या फ्रीजमध्ये तारेच्या वेटोळ्याचा रिले असतो, तो मुळातच हलतो; त्याला ही परीक्षा लावू नये. तो उभाच बसवावा लागतो, आडवा बसवला तर चालत नाही.)

रिले चांगला निघाला तर मग कॉम्प्रेसरची परीक्षा. हे मी फळ्यावर काढून दाखवले होते, येथे शब्दांत लिहिते. रिले काढल्यावर कॉम्प्रेसरवर तीन टोके दिसतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन-दोन टोकांमध्ये तीन वेळा मोजायचे. समजा आकडे आले बारा, अठरा आणि तीस. बारा आणि अठरा मिळून तीस, म्हणजे मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका. असे जमले तर वेटोळी शाबूत आहेत. कोठल्याही दोन टोकांत मीटर काहीच दाखवीत नसेल, तर वेटोळे तुटले. आणि एखादे टोक व कॉम्प्रेसरचा खरवडलेला पत्रा यांच्यात मीटरने काही दाखवले, तर आतली वीज अंगाला लागली आहे. या दोन्हींत कॉम्प्रेसर खरोखर गेला. वेटोळी शाबूत असून आतले यंत्र अडकले, असेही क्वचित होते. पण नवा रिले लावून, दाब नीट असताना एकदा चालवून पाहिल्याशिवाय तसे कोणी म्हणू नये. "मला तिन्ही आकडे दाखवा," एवढेच म्हणा. ज्याने मोजले असेल तो आनंदाने दाखवील. दह्याच्या धंद्याच्या ज्या काकू मघाशी सांगितल्या, त्यांच्याकडे बेरीज बरोबर जमली आणि रिले खुळखुळत होता.

नव्या इन्व्हर्टर फ्रीजचा प्रकार निराळा. त्यांत हा रिले नसतो, एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. तिथल्या कॉम्प्रेसरचे तिन्ही आकडे सारखे येतात. ते कार्ड महाग असते आणि विजेच्या झटक्याने जाते. त्या फ्रीजच्या मागचे झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहते.

वीज गेली की मी आमच्या घरी फ्रीजचे बटण बंद करते, आणि वीज आल्यावर पाच मिनिटांनी लावते. शेजारणी विचारतात, हे कशाला? मघाचीच चकती. ती गार व्हायला वेळ लागतो. शिवाय नळ्यांतला दाब दोन्हीकडे सारखा व्हावा लागतो. वीज जाऊन लगेच आली तर मोटर भरल्या गाडीला एकटी ढकलू पाहते आणि तापते. पावसाळ्यात दिवसातून दहा वेळा असे झाले तर कोण टिकेल? वेळ लावून सुरू होणारा स्टॅबिलायझर मिळतो, तो घ्यावा. घेताना "वीज आल्यावर किती मिनिटांनी सुरू होतो?" हे विचारावे.

आता ज्यांच्याकडे बर्फ न साठणारा, दोन दारांचा फ्रीज आहे त्यांच्यासाठी. येथे एक दुखणे ठराविक आहे: वरचा कप्पा गार, खालचा कोमट. अशा फ्रीजमध्ये गार नळ्या पडद्याआड असतात, एक लहान पंखा त्यांच्यावरून वारा घेऊन सगळीकडे पोहोचवतो, आणि नळ्यांवर धरलेला बर्फ वितळवायला अधूनमधून एक हीटर आपोआप लागतो. हीटर, त्याचा फ्यूज, टायमर किंवा सेन्सर यांतले एक जरी बिघडले तरी बर्फ साठत जातो आणि वाऱ्याची वाट बंद होते. घरच्या घरी ओळखायची युक्ती अशी: फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दारे उघडी ठेवून एक अहोरात्र राहू द्यावा. खाली फडकी घालावीत. मग चालू केल्यावर आठवडाभर उत्तम चालून पुन्हा खालचा कप्पा कोमट झाला, तर दुखणे बर्फ वितळवण्याच्या भागांत आहे. कॉम्प्रेसरचा काही संबंध नाही. पंखा तपासायचा तर दाराच्या चौकटीतले बटण बोटाने दाबून धरा. बऱ्याच फ्रीजमध्ये दिवा विझून पंख्याचा आवाज सुरू होतो. आणि दार लावल्यावर दिवा विझतो की नाही ही जुनी शंका! मोबाईलचा कॅमेरा चालू करून तो आत ठेवा, दार लावा, मग चित्र पाहा. दिवा विझत नसेल तर तो आतल्या आत तापत राहतो, बटण बदलावे.

बर्फ सुरीने उकरू नये. सुरीचे टोक नळीत गेले की वायू निघून जातो, आणि शंभर रुपयांची घाई काही हजारांना पडते.

वायूचे सांगते म्हटले होते. पूर्वीच्या फ्रीजमधला वायू पेट घेत नसे, पण पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला तो घातक ठरला, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने बंद केला. आता बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये 'आर ६००ए' असतो. तो म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. असतो थोडा, काही दशक ग्रॅम, पण पेटतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो, याला तसा नसतो. मागच्या पट्टीवर ज्वाळेचे चिन्ह पाहून ठेवा. असा फ्रीज असेल तर स्वयंपाकघरात ज्योत पेटवून कोणालाही नळी जोडू देऊ नये. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, शेगडी व देवघरातला दिवा मालवून, जाणत्यानेच करावे. आणि म्हणूनच रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट बदलताना "हाही चालतो की" असे म्हणून दुसराच बसवू देऊ नये. या फ्रीजचे भाग ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात. जुना भाग, त्यावरचा नंबर आणि कॉम्प्रेसरच्या पट्टीचा मोबाईलवर काढलेला फोटो घेऊन दुकानात जावे. पुण्यात तपकीर गल्लीत जायचे तरी हे तिन्ही बरोबर असावे. वायरी सोडण्याआधीही एक फोटो काढावा, म्हणजे कोणती कोठे होती यावर वाद होत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

आता शेवटचे, आणि येथे मी जरा कडक बोलणार आहे. "फ्रीजच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात" असे सांगून वर हसणाऱ्या बायका मला भेटतात. "चप्पल घालून उघडतो आम्ही." असे करू नका हो! ती झिणझिणी म्हणजे वीज पत्र्यापर्यंत आलेली आहे आणि जमिनीत जायची तिची नीट वाट बंद आहे. आज चप्पल आहे. उद्या मूल अनवाणी, ओल्या फरशीवरून येऊन पाण्याची बाटली काढील. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा घाम गाळतात. झिणझिणी जाणवली की हँडलला पुन्हा हात न लावता, कोरड्या हाताने भिंतीवरचे बटण बंद करावे, प्लग काढावा, आणि तपासणी होईपर्यंत फ्रीज तसाच राहू द्यावा. दूध नासले तर नासू दे.

प्लगचा तिसरा, जाड व लांब दांडा अर्थिंगचा. सॉकेटात बसत नाही म्हणून तो कापणारे लोक आहेत. दोन दांड्यांचा प्लग जोडणारेही आहेत. घराच्या अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. परवानाधारक वायरमनकडून तो तपासून घ्यावा, आणि मीटरशेजारी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तोडतो. त्यावर 'टेस्ट' असे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. साधा एमसीबी हे काम करीत नाही. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून सांगते.

तेव्हा आपला हात कोठवर? प्लग, सॉकेट, थर्मोस्टॅटची चकती, दाराचे बटण, दिवा (प्लग काढून), दाराचे रबर, येथवर. रबराची परीक्षा कागदाची: पट्टी दारात धरून लावा आणि ओढा, सहज निघाली तर रबर ढिले, कोमट साबणपाण्याने धुऊन पाहा, न सुधारल्यास बदला. मागचे झाकण, रिले, कॉम्प्रेसर हे आपण पाहायचे, पण हात घालायचा तो शिकलेल्याने. काही कॉम्प्रेसरना कपॅसिटर असतो, तो प्लग काढल्यावरही झटका देतो.

भाषणानंतर दोघीतिघींनी विचारले की जुना फ्रीज दुरुस्त करावा की टाकावा. नळ्या गंजलेल्या असतील, वायू पूर्वी एकदा भरूनही गळला असेल, तर पैसे घालू नयेत. नुसता विजेचा भाग गेला असेल तर जरूर दुरुस्त करावा. माझ्या माहितीतला एक फ्रीज पंचवीस वर्षांचा आहे आणि त्याचे आजवर दोन रिले व एक थर्मोस्टॅट एवढेच बदलले.

मंडळाने एक मल्टिमीटर घेतला आहे. तो कार्यालयाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे. सॉकेटातला दाब मोजून हवा असेल तर मला निरोप धाडावा, पहिल्या वेळी मी येऊन शेजारी उभी राहीन. नेताना वहीत नाव लिहावे, आणि परत ठेवताना त्याचे बटण 'बंद'वर करावे, नाही तर सेल संपतो.